साइट उघडतेय का बघ जरा!

समजा, जुलैमधला शनिवार आहे. तुम्ही चौघं दोन बाइकवर माळशेज बघून परत निघालाय. रेनकोट नावालाच, आतून सगळे चिंब. अंधार पडायला लागलाय आणि पुण्यापर्यंत गाडी मारायचं जिवावर आलंय. कुणीतरी म्हणतं, "इथंच राहू ना यार." टपरीच्या पत्र्याखाली उभं राहून तुम्ही फोन काढता. रेंजच्या दोनच काड्या. ओल्या अंगठ्यानं 'ओतूरजवळ राहण्याची सोय' असं शोधता. तीन नावं येतात. पहिल्यावर टॅप करता. पांढरी स्क्रीन, मधोमध फिरणारं चक्र. चहा येतो. चहा संपतो. चक्र फिरतंच आहे.

तुम्ही मागे जाता आणि दुसरं नाव उघडता. त्यात चुकीचं काहीच नाही, मीही तेच केलं असतं. फक्त ते पहिलं नाव माझ्या मावशीचं असू शकतं.

मावशीनं घरामागे दोन खोल्या बांधल्या त्या बचत गटाच्या कर्जावर. माणशी बाराशे रुपयांत मुक्काम, रात्री मासवडी-रस्सा नाहीतर गावरान कोंबडी, सकाळी चहा-पोहे. धंदा खरा चालतो तो पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी. जूनअखेर ते सप्टेंबर धरले तर जेमतेम चौदा-पंधरा शनिवार. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. त्यामुळे एक शनिवार रिकामा गेला की मावशी तो नावानिशी लक्षात ठेवते. 'नारळी पौर्णिमेच्या आधीचा शनिवार', असा.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी चिंचवडचं एक कुटुंब तिच्याकडे नुसतं चहाला थांबलं. बोलता बोलता म्हणाले, "अहो, काल रात्री तुमचीच साइट उघडत होतो. उघडलीच नाही. मग पुढे जाऊन दुसरीकडे राहिलो." मावशीनं चहाचे पैसे घेतले आणि लगेच मला फोन लावला. "तू ते मीडियाबिडिया शिकतेस ना? साइट उघडतेय का बघ जरा!"

मी पुण्यात रूमवर होते. लॅपटॉप, वायफाय. साइट झटक्यात उघडली. मोठ्ठा धबधबा, वर इंग्रजीत सह्याद्रीच्या कुशीबिशीतलं काहीतरी. म्हटलं, "उघडतेय की गं."

"लॅपटॉपवर काय बघतेस? फोनवर बघ. आम्हाला पण लॅपटॉपवरच दाखवली होती, तेव्हा कशी झकास दिसत होती!"

या एका वाक्यात सगळं आलं. छोट्या धंद्याची साइट लॅपटॉपवर बनते, लॅपटॉपवर दाखवून विकली जाते, आणि गिऱ्हाईक ती उघडतं उन्हात, पावसात, एका हातात हेल्मेट धरून, फोनवर.

तीस एमबीचा धबधबा

मी वायफाय बंद करून फोनवर साइट उघडली. काय काय दिसलं ते सांगते, कारण यातलं निम्मं तुमच्याही ओळखीच्या कुठल्यातरी साइटवर सापडेल.

आधी सरकणारे पाच फोटो. कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेले, प्रत्येकी साधारण सहा एमबी. पाच सक तीस. आता साधं गणित करा. डोंगरातल्या दोन काड्यांवर सेकंदाला दोन मेगाबिट वेग मिळाला असं धरू. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे तीस एमबीचे झाले दोनशे चाळीस मेगाबिट. भागिले दोन. एकशे वीस सेकंद! नुसता धबधबा दिसायला दोन मिनिटं. तेवढ्यात माणूस खरा धबधबा बघून येईल.

फोटो आले की अंगावर एक खिडकी: 'आमच्या न्यूजलेटरसाठी नाव नोंदवा'. दोन खोल्यांचं कसलं न्यूजलेटर? ती बंद करायची फुली स्क्रीनच्या बाहेर गेलेली. फोन आडवा केला तेव्हा सापडली. मग दर कुठे आहेत शोधलं, तर 'टॅरिफ' नावाच्या बटणावर एक पीडीएफ उतरली. ए-फोर आकाराची, फोनवर मुंगीएवढी अक्षरं. त्यातच जेवणाचा मेनू, आणि मासवडीचं इंग्रजी केलेलं होतं 'फिश केक'. मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या आवरणात तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, हे जुन्नर-आंबेगावच्या पोराला सांगायला नको. पण मुंबईचं शाकाहारी कुटुंब ते वाचून काय करेल?

फोन नंबर होता, पण एका फोटोवर लिहिलेला. म्हणजे दाबून फोन लागणार नाही. एकानं मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं डायल करायचा. शेवटी 'संपर्क' म्हणून एक फॉर्म: नाव, ईमेल, विषय, संदेश. तो भरला तर निरोप कुठे जातो? मावशीला विचारलं. "मला काय माहीत? ते त्यानं केलं होतं." 'तो' म्हणजे ओळखीतला एक जण. पंधरा हजार घेऊन साइट करून दिली आणि पुढे नंबरच बदलला. साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्यानं स्वतःच्याच ईमेलवर घेतलेला. पंधरा हजार भरून मावशी तिथे भाडेकरू होती, आणि घरमालकाचा पत्ता नाही.

फोन आता दाराशी आलाय

तुम्ही म्हणाल, दोन खोल्यांसाठी एवढं कशाला? तर जरा आजूबाजूला बघा. २०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यात आपला शिवनेरी आहे. लेण्याद्री आणि ओझर हे अष्टविनायकातले दोन गणपती याच तालुक्यात. खोडदला जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अवाढव्य दुर्बिणी. तिकडे आंबेगावातून मंचर-घोडेगाव-डिंभे असा भीमाशंकरचा रस्ता, श्रावणी सोमवारी वाहणारा. आहुपे वेगळंच.

एवढी माणसं येतात. बहुतेकांना इथली गावं माहीत नसतात, आणि विचारायला त्यांच्याकडे एकच वाटाड्या असतो, तो खिशात. त्या वाटाड्याला तुमच्या काकांची खानावळ, शेजारच्या दादाचा तंबूंचा कॅम्प, मामाच्या मळ्यातली जम्बो द्राक्षं दिसली नाहीत, तर ती माणसं हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात जेवतात किंवा बुकिंगच्या मोठ्या ॲपवरून खोली घेतात. ॲपवरून आलेल्या प्रत्येक मुक्कामातून कमिशन कापलं जातं. ते पैसे इथे थांबत नाहीत.

एका रविवारी मी आणि माझी शाळेतली मैत्रीण मंचरच्या एसटी स्टँडवर बसून या दोन तालुक्यांतल्या खानावळी, फार्म स्टे आणि शेतमाल विकणाऱ्यांच्या साइट उघडत बसलो. ती बीसीए करते, मला यातलं कोडिंग येत नाही. काही साइट खरंच छान होत्या. पण बऱ्याच ठिकाणी मावशीचीच गोष्ट: दर लपलेले, नंबर न दाबता येणारा, फोटो अवजड. एका साइटवर तर अख्खा फ्लेक्सच चिकटवलेला होता, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट.

फोन नक्की काय समजतो

थोडा टेक्निकल भाग. कॉमर्सवाल्यांनी पळू नका, सोपं आहे.

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा साइट मोठ्या स्क्रीनसाठीच बनायच्या. त्या फोनवर दिसाव्यात म्हणून ब्राउझरनं एक युक्ती केली. पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं आणि मग ते अख्खं आक्रसून छोट्या काचेत बसवायचं. म्हणून जुन्या साइट फोनवर मुंगीएवढ्या दिसतात आणि आपण दोन बोटांनी ताणत बसतो. 'बाबा रे, तुझी स्वतःची जेवढी रुंदी आहे तेवढीच धर' असं फोनला सांगणारी एक ओळ पानाच्या सुरुवातीला लागते. तिला व्ह्यूपोर्ट टॅग म्हणतात. मावशीच्या साइटवर ती होती, पण मंचरला बघितलेल्या काही साइटवर नव्हती. एक ओळ!

पुढची पायरी म्हणजे मांडणी लवचिक ठेवायची. ईथन मार्कोट या अमेरिकन डिझायनरनं मे २०१० मध्ये एका लेखात याला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' असं नाव दिलं. फोनसाठी वेगळी आणि कॉम्प्युटरसाठी वेगळी साइट बनवत बसण्यापेक्षा एकच पान असं लिहा, की जागा मिळेल तसं ते पसरेल किंवा आवरून बसेल. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा आला की आपण कसे सरकतो, तसं.

गूगलनंही हे मनावर घेतलं. २१ एप्रिल २०१५ पासून फोनवरच्या शोधात, फोनवर नीट वाचता येणारी पानं वर यायला लागली. जानेवारी २०१७ पासून अंगावर येणाऱ्या त्या आगाऊ खिडक्या असलेली पानं मागे पडू शकतात, हा नियम आला. आणि मार्च २०१८ पासून गूगल साइट तपासताना तिचं फोनवरचं रूपच प्रमाण धरायला लागलं. थोडक्यात, तुम्ही लॅपटॉपवर कितीही सजवा, गूगल ती फोनवाल्याच्याच नजरेनं बघतं.

ते बघतं काय? पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे वरचा फोटो किंवा मोठा मजकूर, अडीच सेकंदांत दिसली तर ठीक. पान उघडताना गोष्टी इकडेतिकडे सरकत नाहीत ना, हेही. हा अनुभव तुम्हाला असेलच: 'कॉल करा' दाबायला जावं आणि त्याच क्षणी वर फोटो उगवून बटण खाली घसरावं, बोट भलतीकडेच पडावं. फोटोची लांबी-रुंदी आधीच कोडमध्ये लिहून ठेवली की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो आणि हा वैताग संपतो. दाबायच्या बटणाला तर मापच आहे. अँड्रॉइडसाठी गूगल ४८ एककं सुचवतं, म्हणजे काचेवर साधारण नऊ मिलिमीटर. ओल्या अंगठ्याला त्याहून लहान चालत नाही, हे आम्ही मावशीच्या अंगणात नळाखाली हात धरून तपासलं. काकांना वाटलं आमचं डोकं फिरलंय.

तुमच्या ओळखीच्या साइटची परीक्षा घ्यायची असेल तर गूगलचं 'पेजस्पीड इनसाइट्स' फुकट आहे. पत्ता टाका, शंभरपैकी मार्क मिळतात, मोबाइलचे वेगळे आणि कॉम्प्युटरचे वेगळे. मावशीच्या साइटला मोबाइलमध्ये एकोणीस. एटीकेटीच्याही पलीकडे.

मराठीत शोधणारी माणसं

यावर फार कुणी बोलत नाही म्हणून थोडं जास्त लिहिते. ऑगस्ट २०१७ पासून गूगलवर मराठीत बोलून शोधता येतं. नगरहून देवदर्शनाला निघालेले आजोबा फोनला काय सांगतात? 'लेण्याद्रीजवळ राहायला खोली'. 'लक्झरी कॉटेज स्टे' असं ते या जन्मात म्हणणार नाहीत. आणि आपल्या साइटवर 'खोली', 'मुक्काम', 'जेवण', 'मासवडी' हे शब्दच नसतील तर गूगलनं जोडायचं कशाला कशाशी?

काही जण मराठी टाकतात, पण डीटीपीच्या दुकानातून आणलेलं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपीसारख्या, टाइप केलेला मजकूर साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग वैतागून पत्रकाचा फोटोच लावतात. फोटोतलं मराठी वाचायला पान ताणावं लागतं, रेंज नसेल तर ते येतच नाही, आणि शोधणाऱ्यांपर्यंत पोचेल याची खात्री नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठी टाइप करता ना, तोच. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेला 'मुक्त' हा फॉन्ट फुकट मिळतो आणि छोट्या काचेवर स्वच्छ वाचता येतो. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जरा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात. आणि पानाची भाषा 'मराठी' आहे असं कोडमध्ये नोंदवा. बऱ्याच फॉन्टमध्ये मग आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आपोआप येतो, हिंदी वळणाचा नाही. मैत्रिणीनं हे करून दाखवलं तेव्हा मी उगाचच खूश झाले होते.

पण साइट हवीच कशाला?

हा प्रश्न मावशीनंही विचारला. "इन्स्टावर टाक की. सगळे तिथंच असतात."

मुद्दा खोटा नाही. वडापावच्या गाडीला साइट लागत नाही, नकाशावर बरोबर जागी टाचणी आणि फोन नंबर पुरे. नारायणगावच्या टोमॅटोच्या व्यापाऱ्यालाही नाही, त्याची ओळखीची माणसं ठरलेली. आधी गूगल मॅप्सवरची मोफत नोंद करा, साइट नंतर, असंच मी सांगेन. पण मुक्कामाला येणाऱ्या माणसाला दर, रस्ता, बाथरूम हे सगळं एका जागी लागतं. ते रीलमध्ये सांगत बसलात तर कुणी बघणार नाही. आणि तीन महिन्यांपूर्वीची पोस्ट शोधायला कुणाला वेळ आहे?

दुसरं म्हणजे, दुसऱ्याच्या जागेत मांडलेलं दुकान. गूगलनं २०१७ मध्ये छोट्या धंद्यांसाठी फुकट साइटची सोय काढली होती. नकाशावरच्या नोंदीतून चार मिनिटांत पान तयार, फोनवरही छान दिसायचं. मार्च २०२४ मध्ये गूगलनं ती सोय बंद केली. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर गेलेल्याला नकाशावरच्या नोंदीकडे वळवलं जात होतं, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला असेल त्यांचं काय झालं असेल? सात वर्षंही नाही. आपल्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख दोन हजार वर्षं आहे, घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. तेव्हा निदान धंद्याच्या पाट्या पक्क्या असायच्या.

म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. वर्षाला त्याची फी भरावी लागते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मावशीचं जुनं डोमेन काही परत मिळालं नाही. नवीन घेतलं.

राहुटीबाहेरचा बोर्ड

चांगली मोबाइल साइट कशी असते ते बघायला मला वाटतं नारायणगावला जावं. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. राहुटीबाहेर बोर्ड असतो: फडाचं नाव, मोठ्या अक्षरात, लांबून वाचता येईल असं. गिऱ्हाईकाला लागणारी माहिती मोजकीच असते. फड कुणाचा, आमच्या जत्रेची तारीख मोकळी आहे का, सुपारी किती, आणि बोलायचं कुणाशी. विठाबाईंच्या गावात हे कुणी डिझाइनच्या पुस्तकातून शिकलेलं नाही. दारात उभ्या माणसाला घाई आहे, एवढं त्यांना माहीत असतं.

आम्ही तेच केलं. मावशीला विचारलं, फोनवर लोक काय काय विचारतात? तिनं धडाधड सांगितलं: किती घेता, गाडी दारापर्यंत येते का, बाथरूम खोलीत आहे का बाहेर, गरम पाणी आहे का, रात्री बिबट्या येतो का. बिबट्याचा प्रश्न हमखास! जुन्नरचा बिबट्या आता शिवनेरीइतकाच प्रसिद्ध आहे. झालं, साइटचा मजकूर तयार. सह्याद्रीची कूस काढून टाकली. तिथे आलं: 'ओतूर-मढ रस्त्यावर. दोन खोल्या. माणशी १,२०० रुपये, दोन वेळचं खाणं धरून. बाथरूम खोलीत, गाडी दारात लागते. अंधार पडल्यावर मळ्यात एकटं फिरू नका.' त्याखाली दोन जाडजूड बटणं, एक फोनचं, एक व्हॉट्सॲपचं. दोन्ही साध्या लिंक आहेत, नंबरच्या आधी ९१ लावायला तेवढं विसरायचं नाही.

पाचही फोटो 'स्क्वूश' नावाच्या फुकटच्या साइटवर नेऊन वेबपी प्रकारात, फोनच्या रुंदीला पुरतील एवढे लहान केले. प्रत्येकी साधारण १२० केबी. पाचांचे मिळून सहाशे. मघाचंच गणित पुन्हा केलंत तर दोन काड्यांवर अडीच सेकंद. शिवाय खालचे चार फोटो माणूस खाली सरकेल तेव्हाच येतात. मेनू पीडीएफमधून काढून साध्या मजकुरात लिहिला. 'मासवडी (शाकाहारी)'. फॉर्म उडवला.

दोन दुपारी गेल्या. पहिली दुपार मैत्रिणीची कोड लिहिण्यात, दुसरी माझी, मावशीशी वाद घालण्यात. तिला सरकणारे फोटो हवे होते.

मग खरी परीक्षा. शेजारच्या काकूंच्या हातात त्यांचाच फोन दिला, जुना, काचेला तडा गेलेला, आणि म्हटलं, "काकू, समजा तुम्ही पुण्याच्या आहात आणि तुम्हाला इथे खोली हवीय." मी शेजारी गप्प बसले. गप्प बसणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग, सारखं वाटतं की सांगावं 'अहो, खाली, खाली'. काकू दर वाचून थांबल्या. बटण समोर होतं, पण दाबेनात. विचारलं तर म्हणाल्या, "हे दाबल्यावर पैसे कापले जातील का?" आम्ही बटणावर नुसतं 'बुक करा' लिहिलं होतं. ते पुसून 'मावशींशी बोला' असं केलं.

आता मुद्द्याचं. जुन्नरला श्री शिवछत्रपती, ओतूरला वाघिरे, मंचरला आवटे, अवसरीला सरकारी इंजिनिअरिंग: या दोन तालुक्यांत कॉम्प्युटर शिकणारी पोरं कमी नाहीत. कुठल्याही कॉलेजात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट चाळा, निम्म्या फायलींवर 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' असेल. त्या लायब्ररीत कुणी पुस्तक मागायला येत नाही, सबमिशन झालं की सिस्टीम संपली. त्याऐवजी शेजारच्या खानावळीचं पान करून बघा. गिऱ्हाईक खरं, रेंज खरी, शिव्याही खऱ्या. पैसे घ्या, फुकट करू नका, फक्त डोमेन त्यांच्या नावावर घ्या आणि पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

मावशीचं पुढे काय झालं? सगळे शनिवार भरले, असं काही झालं नाही. पावसाळा निम्मा उरला होता. फोन वाढले. पण गोठ्यात रेंज नाही, त्यामुळे संध्याकाळी धारा काढायच्या वेळी आलेले फोन हुकायला लागले आणि बाई आमच्यावरच चिडल्या. मग व्हॉट्सॲपचं बटण वर घेतलं आणि खाली लिहिलं, 'संध्याकाळी सहा ते सात फोन लागला नाही तर मेसेज टाका.'

आणखी एक. श्रावणात मंचरहून एकाचा फोन आला, "तुमच्याकडून भीमाशंकरला चालत किती वेळ लागतो?" मावशीनं त्यांना घोडेगाव-डिंभ्याचा रस्ता सांगितला, तिकडे कुठे जेवायचं तेही सांगितलं, आणि फोन ठेवून मला लावला. "लिहून घे," म्हणाली. मी लिहून घेतलं. आता साइटवर दरांच्या बरोबर खाली ती ओळ आहे, तिच्याच शब्दांत: 'भीमाशंकर इथून जवळ नाही. तिकडे जायचं असेल तर तिकडेच मुक्काम करा. येताना चहाला थांबा.'